टाइमप्लीज नसलेला खेळ

ताट वाढून झालं होतं, आमटी निवत चालली होती आणि आतून आवाज आला, "आई, आत्ता नाही थांबवता येत गं!" वर्षभर रात्री नऊच्या सुमाराला आमच्या घरात हेच भांडण. पंधरा वर्षांचा मुलगा मोबाइल खाली ठेवत नाही म्हणजे हट्ट, एवढंच मला कळत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवलं, तो काय बोलतो ते आधी समजून घ्यायचं. एक वही घेतली आणि रोज अर्धा तास त्याच्या शेजारी बसायला लागले.

तो मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, हा खेळ खेळतो. शंभर जण विमानातून बेटावर उड्या मारतात आणि शेवटपर्यंत जो उरेल तो जिंकतो. अशा खेळांना बॅटल रॉयल म्हणतात. चौघांचा गट म्हणजे स्क्वॉड. रिकाम्या घरांतून बंदुका, औषधं गोळा करायची, ती लूट. नकाशावरचं वर्तुळ लहान होत जातं, तो झोन. त्याच्या बाहेर राहिलं की जीव घटत जातो.

पहिल्या दिवशी लिहिलेले शब्द यंत्राचे होते. आपण बोट दाबतो आणि पडद्यावर ते उशिरा घडतं, तो लॅग. फोनवरून निघालेला निरोप सर्व्हरपर्यंत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग, आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. पाणबुड्या शोधणाऱ्या 'सोनार' या ध्वनियंत्रणेच्या आवाजावरून हे नाव आलंय, हे वाचून मला फार आवडलं. एफपीएसने मात्र दोन दिवस घोळ घातला. कधी त्याचा अर्थ पडद्यावर सेकंदाला किती चित्रं उमटतात, तर कधी आपल्याच डोळ्यांनी नेम धरायचा बंदुकीचा खेळ. संदर्भावरून ओळखायचं.

माणसांविषयीचे शब्द आले तेव्हा मी सावरून बसले, कारण ही माणसं माझ्या ओळखीची होती. एकाच जागी दबा धरून बसतो तो कॅम्पर. डबा ऐसपैस खेळताना राज्य असलेला डब्याला चिकटून बसला की आम्हीही असेच चिडायचो. नवख्याला नूब म्हणतात. पण आमच्या लिंबूटिंबूला आम्ही सांभाळून घ्यायचो, आउट धरायचो नाही. नूब हा शब्द बोचायलाच वापरतात. तो मला आवडत नाही आणि मी ते मुलाला सांगितलं.

मग आला एएफके. मूळ अर्थ 'कीबोर्डपासून दूर'. मोबाइलला कीबोर्ड कुठला, पण शब्द टिकला. सामना चालू असताना कुणी उठून गेलं की त्याची बाहुली तिथेच उभी राहते आणि उरलेल्या तिघांना एक भिडू कमी पडतो. एकट्याने खेळायच्या खेळाला पॉज असतो. इथे शंभर जण एकाच वेळी जोडलेले, कुणा एकासाठी थांबवायचं कसं? आम्ही लहानपणी 'टाइमप्लीज' म्हणून पाणी प्यायला पळायचो. त्याच्या खेळात टाइमप्लीज नाही. वर्षभर तो मला हेच सांगत होता. त्या रात्री मी त्याला तसं म्हटलं. तो काही बोलला नाही, फक्त वहीत एएफकेचं स्पेलिंग नीट करून दिलं.

पुढचे शब्द त्याने आपणहून आणले. एखादं हत्यार फार वरचढ ठरलं की बनवणारे त्याची ताकद कमी करतात, तो नर्फ; फोमच्या खेळण्यातल्या बंदुकांच्या ब्रँडवरून. ताकद वाढवली तर बफ. लूट बॉक्सवर मात्र आमचा वाद झाला. पैसे भरायचे आणि पेटीतून काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८मध्ये अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली धरल्या. आमच्या घरात त्यासाठी पैसे मिळणार नाहीत, हे मी स्पष्ट केलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याने मलाच खेळायला बसवलं. पोचिंकी या गावात उतरलो. तिथे बरेच जण एकदम उतरतात, त्याला हॉट ड्रॉप म्हणतात. मिनिटभरात मी नॉक झाले. नॉक म्हणजे मेलेलं नाही, गुडघ्यावर सरपटत राहायचं; सोबती वेळेत पोचला तर उठवतो, तो रिव्हाइव्ह. "आई, भिंतीमागे सरक, मी आलो!" तो ओरडला आणि गोळ्या चुकवत खरंच आला. इतक्या काळजीने त्याने मला बऱ्याच दिवसांत हाक मारली नव्हती.

आता जेवायच्या वेळी मी दारात उभी राहून विचारते, "झोन कितवा?"

"पाचवा. तिघं जिवंत आहोत."

मी आमटी गरम करायला ठेवते.