मन लागत नाही, की पाय थकलेत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. मुलं म्हणतात, "ताई, रोज धावायची इच्छा टिकवायची कशी?" आईबाबा जरा बाजूला घेऊन विचारतात, "सुरुवातीला केवढा उत्साह होता, आता ओढून काढावं लागतं. मन उडालं का हो तिचं?" शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलामुलींकडून क्रॉस कंट्रीचा, म्हणजे ट्रॅक सोडून मोकळ्या जमिनीवर, चढउतारांवर लांब धावण्याचा, सराव करून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली, तरी माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरसच होतो. त्यांना जिद्द, चिकाटी, ध्येय असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी विचारते, "परवा सोपं धावायचा दिवस होता. धावताना शेजारच्याशी नीट बोलता येत होतं का?"

उत्तर बहुधा 'नाही' असतं.

सोप्या दिवसाचं काय होतं ते मी मागून सायकलवरून येताना कितीदा पाहिलंय. सात-आठ जण निघतात. पहिली दहा मिनिटं चेष्टामस्करी, कुणाची तरी खेचणं. मग एकाचा खांदा इतरांच्या जरासा पुढे जातो. मुद्दाम नाही, पाय मोकळे झाले म्हणून. शेजारचा लगेच बरोबरी करतो. तिसऱ्याला मागे पडायचं नसतं. वाक्यं लहान होत जातात, मग नुसतं 'हं', आणि शेवटच्या दोन किलोमीटरला फक्त बुटांचा आणि श्वासांचा आवाज. परत आल्यावर सगळे खूश, आज काय भारी पळालो! दुसऱ्या दिवशी खरा कठीण सराव असतो, तेव्हा पाय जड. तो कसाबसा उरकतो, मग त्याची भरपाई म्हणून पुढचा सोपा दिवस आणखी जोरात. असे तीन-चार आठवडे गेले की पोर म्हणतं, मन लागत नाही.

या वयात मन सहसा आधी हार मानत नाही, असं माझं ठाम मत झालंय. आधी शरीर दमतं. ते आठवडेच्या आठवडे दमलेलं राहिलं की मग सकाळी पांघरूण बाजूला करवत नाही. अशा मुलाला जिद्दीवर भाषण दिलं तर थकवा तसाच राहतो, वर आपण आळशी आहोत अशी टोचणी लागते. म्हणून इच्छा टिकवायची असेल तर सोपे दिवस खरोखर सोपे ठेवा. माझ्या उत्तराचा निम्म्याहून जास्त भाग एवढाच आहे.

मुलांना हे पटत नाही, कारण हळू धावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. तेव्हा मी मोठ्यांची साक्ष काढते. लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्यांचा साधारण 80 टक्के सराव हलक्या वेगाचा निघाला. केनियाचा एलिउड किपचोगे 2003 साली लोझानला ज्युनिअर गटाचा जागतिक क्रॉस कंट्री विजेता झाला. पुढे 2022 मध्ये बर्लिनची मॅरेथॉन त्याने 2 तास 1 मिनिट 9 सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटंही नाहीत. त्याच्या सोप्या दिवसाचा वेग याच्या जवळपासही नसतो. आर्थर लिडियार्ड या न्यूझीलंडच्या प्रशिक्षकाने तर पीटर स्नेलसारख्या 800 मीटरवाल्यालाही डोंगराळ रस्त्यांवर 35 किलोमीटरच्या आसपास धावायला लावलं, आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने सुवर्णपदक जिंकलं. पाया आधी, वेग नंतर, ही त्याची पद्धत. (यावर उत्साही पालक लगेच विचारतात, "मग आमच्यानेही 35 करावेत का?" नाही. स्नेल 21 वर्षांचा होता, तुमचा 14 चा आहे.)

सोपं म्हणजे किती सोपं, तर धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मी एखाद्याला पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट सांगायला लावते. मधेच धाप लागून गोष्ट तुटली, तर सगळ्या गटाने वेग कमी करायचा. तेरा वर्षांच्या मुलाला सतरा वर्षांच्यांमागे पाठवू नका. त्यांचा सोपा वेग ही त्याची रोजची शर्यत होते. आणि वेग दाखवणारं घड्याळ सोप्या दिवशी घरी ठेवा. त्या आकड्याने मी जेवढे चांगले दिवस बिघडताना पाहिलेत, तेवढे पावसाने बिघडलेले नाहीत.

कठीण दिवस आठवड्यातून एक, स्पर्धांच्या हंगामात आठवड्याला फार तर दोन. तिथे मात्र कंजुषी नको. या वयासाठी माझा आवडता प्रकार फार्टलेक. 1930 च्या दशकात फिनलंडच्या धावपटूंपुढे स्वीडनची डाळ शिजत नव्हती, तेव्हा गोस्ता होल्मर या स्वीडिश प्रशिक्षकाने तो बसवला. मोकळ्या जमिनीवर सलग धावायचं, मधेमधे वेग वाढवायचा, पुन्हा सैल सोडायचा. कुठून कुठपर्यंत जोर लावायचा ते मी मुलांनाच ठरवू देते. पाळीपाळीने एकेक जण पुढे येतो आणि ओरडतो, "त्या झाडापर्यंत!" ट्रॅकवर चारशेचे आठ लॅप म्हटल्यावर ज्यांचे चेहरे पडतात, तीच मुलं इथे तेवढीच मेहनत हसत करतात.

दुसरं चढाचं काम. चढ चढताना नजर दहा-बारा पावलांवर, पाऊल आखूड, हात जरा जास्त चालवायचे, हे सगळे सांगतात. मी आणखी एक गोष्ट करून घेते. स्पर्धेत चढाच्या माथ्यावर नीट बघा. जवळजवळ प्रत्येक जण तिथे पोहोचला की सुस्कारा सोडतो, खांदे पाडतो आणि चार-पाच सेकंद नुसता वाहत जातो. म्हणून आमची चढाची फेरी माथ्यावर संपत नाही, पुढच्या वीस पावलांवर संपते. ती वीस पावलं सवयीची झालेली मुलगी एकही सेकंद जास्त वेगवान न होता तीन-चार जणींना मागे टाकते. तिचा चेहरा तेव्हा बघावा! अशा एका माथ्याने मिळालेला उत्साह महिनाभर पुरतो. माझ्या भाषणांचा असर मैदान सोडेपर्यंतही टिकत नाही.

आता टायमिंग. "मागच्या वेळेपेक्षा चाळीस सेकंद जास्त लागले," म्हणून रडणारी मुलं दर हंगामात भेटतात. क्रॉस कंट्रीत जागतिक विक्रम नोंदवलेच जात नाहीत, कारण दोन मार्ग सारखे नसतात. 2019 साली डेन्मार्कमधल्या आर्हूसच्या जागतिक स्पर्धेत मार्ग चक्क एका संग्रहालयाच्या गवताळ छपरावरून नेला होता. त्या वेळेची तुलना कशाशी करणार? तोच मार्ग पाऊस पडून गेल्यावर वेगळाच होतो. त्यामुळे आकडा हवाच असेल तर असा घ्या: शेवटच्या तिसऱ्या भागात मी किती जणांना मागे टाकलं आणि किती जण माझ्या पुढे गेले. सुरुवातीला जोरात सुटून मग गळपटणाऱ्याला हा हिशोब फार लवकर शहाणं करतो.

आणि सांघिक गुण. इच्छा टिकवणारी याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही, तरी घरच्यांना ती बहुधा ठाऊकच नसते. कितवा आलात तेवढे गुण, ठरलेल्या संख्येइतक्या खेळाडूंची बेरीज, आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. जागतिक स्पर्धेत वरिष्ठ गटात चौघांचे गुण धरतात, इतरत्र कुठे पाच, कुठे सहा. म्हणजे पहिला आलेला एकटा संघ जिंकवू शकत नाही. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमधली क्रॉस कंट्री भयंकर उन्हात झाली. 38 जण निघाले, 15 पोहोचले. पावो नुर्मी पहिला आणि व्हिले रितोला दुसरा, दोघंही फिनलंडचे. तरी सांघिक सुवर्ण अडून होतं, कारण गुण तिघांचे मोजायचे होते. तिसरा हेइक्की लिमाताइनेन पार मागून 12 वा पोहोचला, तेव्हा कुठे ते पदरात पडलं. (त्या दिवसाचे हाल बघून हा प्रकार ऑलिंपिकमधून जो गेला तो गेलाच.)

माझ्याकडची 'मी कधी पहिल्या दहात येणार नाही' म्हणणारी मुलं ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. 47 वा आणि 43 वा यांत घरच्यांना काहीच फरक दिसत नाही. संघाला चार गुणांचा फरक दिसतो, आणि कित्येक ढाली तेवढ्यावरच हातच्या जातात किंवा हाती येतात.

काही वेळा मात्र वेग उतरवून, आठवडाभर सुट्टी देऊनही मूल मरगळलेलंच राहतं. तेव्हा प्रेरणेची चर्चा बंद करून डॉक्टरांकडे जा. रक्तातलं लोह कमी असणं हे लांब पल्ल्याच्या मुलामुलींमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, नेहमी सापडणारं कारण आहे. ते तपासणीतून कळतं. आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नका. दुसरं कारण म्हणजे धावण्याच्या मानाने खाणं कमी पडणं. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने याकडे मुद्दाम लक्ष वेधलं, आणि ते फक्त मुलींपुरतं नाही, मुलांनाही होतं. मुलीची पाळी थांबली, तर 'सराव करते म्हणून असेल' असं म्हणून सोडून देऊ नका. हाडं ठिसूळ होण्याची वाट तिथूनच सुरू होते. 'जरा वजन उतरलं तर अजून वेगात धावशील' हे वाक्य माझ्या मैदानावर कुणी उच्चारलेलं मला चालत नाही, मग तो कुणीही असो.

वयात येताना मुलींची वेळ वर्ष-दोन वर्षं अडते, कधी मागेही जाते. शरीर बदलत असतं, त्याला नवं वजन आणि नवी उंची घेऊन धावायला शिकायचं असतं. हे आधीच सांगितलेलं असलं तर मुलगी तो काळ निभावून नेते. न सांगितल्यास तिला वाटतं, माझ्यातलं संपलं. मुलांनाही उंची भराभर वाढताना टाच आणि गुडघ्याखालचं हाड दुखतं. 'सहन कर' म्हणून ते बरं होत नाही, महिनाभर सराव कमी करूनच बरं होतं.

झोपेबद्दल एकच वाक्य: 13 ते 18 वयाला आठ ते दहा तास लागतात, आणि सहा तास झोपणाऱ्याच्या प्रेरणेवर मी बोलत नाही.

हे सगळं करूनही एखाद्याला धावणं नकोच असेल तर? असतं तसं. सगळ्यांना ते आवडलं पाहिजे असा कायदा नाही. मी अडवत नाही, आईबाबांनाही अडवू नका म्हणते. फक्त शक्य असेल तर हंगामातली शेवटची सांघिक स्पर्धा होईपर्यंत थांब, असं त्याला सांगते. पाचव्या क्रमांकाचा खेळाडू मधेच गेला की सहाव्याला एका आठवड्यात त्याची जागा घ्यावी लागते, आणि त्या पोराची अजून तयारी झालेली नसते.