वायर नसलेली गिटार

समुद्रात घुसलेला कडा. कड्याच्या टोकावर चौघे जण. एकाच्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, तिला वायर नाही. मागे अख्खा ड्रमसेट, तो तिथवर कोणी आणि कसा चढवला देव जाणे. विजेचा खांब औषधालाही नाही. तरी गाणं दणक्यात वाजतंय आणि गायकाचे केस बरोबर ध्रुवपदालाच उडतायत. आपण हे सगळं बघतो आणि एका शब्दानं हरकत घेत नाही. सिनेमात पोलिसाच्या बिल्ल्यावरून कुरकुर करणारा माणूसही (तो मीच) म्युझिक व्हिडिओपुढे निमूट बसतो.

फसवणूक म्हणावी तर फसलेलं कोणीच नाही. गायक आत्ता गात नाहीये हे त्याला ठाऊक, दिग्दर्शकाला ठाऊक, आपल्यालाही ठाऊक. मग हा समजूतदारपणा आला कुठून? मला वाटतं, हा प्रकार जन्मलाच मुळी गायकाच्या गैरहजेरीतून. त्याला स्वतःला येणं जमेना, म्हणून त्यानं आपल्याऐवजी फिल्म पाठवली. बदलीवर आलेल्याची कोणी फार उलटतपासणी घेत नाही. आला हेच पुष्कळ.

१९६६ साली बीटल्सना सगळीकडून बोलावणी होती आणि प्रत्येक टीव्ही केंद्रावर जाऊन गाणं आवाक्याबाहेर गेलं होतं. मग ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ या गाण्यांच्या फिल्म लंडनच्या चिझिक हाउसच्या बागेत काढल्या आणि केंद्रांकडे धाडून दिल्या. आम्ही येत नाही, हे घ्या. बागेत गिटारी आहेत, पण त्या वाजाव्यात अशी कसलीही सोय दिसत नाही, आणि ती नाही याची कोणाला खंतही दिसत नाही. रूढी पडते ती अशी, कोणी न ठरवता.

१९७५ मध्ये क्वीन या ब्रिटिश बँडची अडचण निराळी होती. ‘बोहेमियन रॅप्सडी’ या त्यांच्या गाण्याच्या मधला ऑपेराचा भाग तिघांच्याच आवाजांचे थरावर थर चढवून केलेला. मंचावर तो गाणं शक्यच नव्हतं. मैफिलीत तेवढ्या भागापुरती ही मंडळी सरळ आत निघून जात आणि टेप वाजे. अशा गाण्यावर बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात नुसते ओठ हलवत उभं राहायचं, तर शोभा व्हायची, त्यात दौराही तोंडावर. मग दिग्दर्शक ब्रूस गॉवर्सनं एल्स्ट्रीच्या स्टुडिओत साधारण चार तासांत काम उरकलं. काळोख, चार चेहरे, वरून प्रकाश. गाणं ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि गैरहजर राहणं फायद्याचं असतं, हे रेकॉर्ड कंपन्यांच्या लक्षात आलं.

तशी नाणं टाकून गाणं बघायची हौस याहून जुनी. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या बारमध्ये आणि हॉटेलांत पॅनोरम नावाची कपाटं असत. दहा सेंट टाकले की तीन मिनिटांचं गाणं. आठ गाण्यांची एकच रीळ, त्यामुळे निवडीचा प्रश्न नाही. पुढचं जे असेल ते मुकाट्यानं बघायचं. प्रोजेक्टर कपाटातच, चित्र आरशांवरून फिरवून मागच्या बाजूनं काचेवर टाकलेलं. म्हणून ही फिल्म मुद्दाम उलटी छापत, म्हणजे अक्षरं शेवटी सुलटी दिसत. त्यातले गायकसुद्धा आधी ध्वनिमुद्रण करून मग कॅमेऱ्यापुढे ओठच हलवायचे.

चित्रीकरणाच्या जागी आवाज टिपायचा नसतो, ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की निम्म्या रूढींचा उलगडा होतो. स्पीकरवर तयार गाणं लावलेलं असतं आणि त्याच्याशी तोंड जुळवायचं असतं. आता तो वारा बघा. नाट्यप्रसंग चालू असताना एवढा थोरला पंखा सुरू केला तर ध्वनिमुद्रक डोक्याला हात लावेल, संवादाचं पार भजं होईल. इथे संवादच नाहीत, घरघरू दे पंखा हवा तेवढा. भर टेकमध्ये दिग्दर्शक “हनुवटी वर! आता वळ!” असा ओरडला तरी बिघडत नाही. मूकपट गेले, पण त्यांची ही मोकळीक इथे शिल्लक राहिली.

सगळ्यात मजेची गोष्ट स्लो मोशनची. गायिका पावसात चालतेय, थेंब रेंगाळतायत, पदर वाटावा असा कोटाचा घेर लहरतोय, आणि ओठ मात्र गाण्याबरोबर अगदी वेळेवर. हे जमतं कसं? कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेम टिपतो आणि त्या २४च्या गतीनं दाखवल्या की सगळं निम्म्या वेगानं चालतं. ओठही निम्म्या वेगानं चालतील, म्हणून चित्रीकरणाच्या वेळी गाणंच दुप्पट वेगानं लावायचं. म्हणजे चार मिनिटांची विरहव्यथा तिनं दोन मिनिटांत आटपायची, आणि तेवढ्यात चेहरा मात्र व्याकुळ ठेवायचा. टेप पळवली की आवाजही चिरका होई. तिचंच करुण गाणं तिच्याच कानावर खारीच्या कलकलाटासारखं आदळत असणार. अशा व्हिडिओत पापण्यांकडे बघावं. त्या सावकाश, जडपणे मिटतात, आणि खाली ओठ आपले घड्याळ लावून चाललेले. एकाच चेहऱ्यावर दोन वेळा नांदत असतात. एकदा हे दिसलं की मग दुसरं काही दिसत नाही, तेव्हा ज्यांना विरहाचा आनंद घ्यायचाय त्यांनी हा परिच्छेद विसरावा.

बाकी काहीही खोटं चालेल, ओठ चुकता कामा नयेत. बदली माणसाकडून एवढी एकच अपेक्षा. आणि त्यासाठी लोक काय काय करतात! २००२च्या, कोल्डप्ले बँडच्या ‘द सायंटिस्ट’च्या व्हिडिओत सगळी गोष्ट उलटी धावते, गायक तेवढा सुलटा गाताना दिसतो. त्यासाठी या गायकानं, ख्रिस मार्टिननं, अख्खं गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे, उलट्या उच्चारांनी पाठ केलं. जवळपास महिनाभर तो ते घोकत होता. जे गाणं त्याला येत होतं, तेच.

हा नियम पहिल्यांदा धुडकावला तो बहुधा बॉब डिलननं. ‘सबटेरेनियन होमसिक ब्लूज’ या गाण्याची १९६५ची फिल्म, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलामागची गल्ली. डिलन हातात शब्द लिहिलेले मोठे कागद घेऊन उभा. गाणं धावतंय, तो एकेक कागद खाली टाकतोय, ओठ बंद. शब्द हवेत ना, हे घ्या, वाचा. काही मुद्दाम चुकीचे लिहिलेले. मागे कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग कोणाशी तरी बोलत उभा आहे, जणू त्याचा या प्रकाराशी संबंधच नाही. मला ही फिल्म आवडते ती तिच्यातल्या आडमुठेपणासाठी. आजकाल जे ‘लिरिक व्हिडिओ’ निघतात त्यांत शब्द असतात, आडमुठेपणा नसतो.

आणि कधीकधी बदलीवर आलेलाच खरा निघतो. आयरिश गायिका शिनेड ओ’कॉनरचा १९९०चा ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’. बहुतेक वेळ नुसता चेहरा, काळी पार्श्वभूमी. पंखा नाही, केसही जवळपास नाहीतच उडायला. आईच्या उल्लेखाच्या ओळीला तिच्या गालावरून अश्रू ओघळतो. तो ठरवलेला नव्हता; अपघातात गेलेली आई आठवली, असं तिनं पुढे सांगितलं. गाणं आधीच मुद्रित झालेलं, त्या क्षणी ती गाण्याची नुसती नक्कल करतेय. रडणं मात्र त्याच दिवसाचं. दिग्दर्शकानं ते ठेवलं, हे त्याचे उपकार.

हे सगळं कशासाठी, तर माल खपावा म्हणून, यात लपवण्यासारखं काही नाही. एमटीव्ही ही म्युझिक व्हिडिओंची अमेरिकन वाहिनी १ ऑगस्ट १९८१ला सुरू झाली तेव्हा कंपन्यांकडून आलेले व्हिडिओ, म्हणजे जाहिरातीच, हाच तिचा कार्यक्रम होता. गंमत अशी की बऱ्याच करारांत व्हिडिओचा निदान काही खर्च पुढे गायकाच्याच रॉयल्टीतून वळता होतो. जाहिरात मालाची आणि बिल मालालाच. दिग्दर्शकांचं नाव पडद्यावर द्यायला तर एमटीव्हीला १९९२ उजाडलं.

आता या व्हिडिओंची अवस्था चमत्कारिक आहे. पैसे चित्रावर खर्च होतात आणि लोक गाणं लावून दुसऱ्या कामाला लागतात. कोट्यवधी ‘व्ह्यूज’मधले डोळे किती आणि कान किती, याचा हिशेब कोण ठेवणार? उलट जिथे खरोखर डोळे लावून बघितलं जातं, तिथे गायकच नसतो. २०१४ मध्ये म्युझिकली नावाचं अ‍ॅप आलं, चार वर्षांनी ते टिकटॉकमध्ये विरलं, आणि ओठ हलवायचं काम श्रोत्यांनीच अंगावर घेतलं. गायकानं फिल्मला बदली धाडलं होतं. आता फिल्मच्या जागी आपण उभे. रूढी कोणी शिकवल्या नाहीत, तरी सगळ्या पाठ. ध्रुवपदाला मान झटकायची, कडव्याला खिडकीबाहेर बघायचं. स्लो मोशनलासुद्धा आता अशा अ‍ॅपमध्ये बटण असतं. ते दाबलं की गाणं आपोआप दुप्पट पळतं आणि दार लावलेल्या खोलीतून तोच चिरका कलकलाट बाहेर येतो. तो पुन्हा पुन्हा येत राहिला, तर टेक ओके होत नाहीये असं समजावं आणि दार वाजवू नये.