चप्पल झटकून घाला

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या, म्हणजे हिच्या, पहिल्या स्मरणभक्तीला, तिच्या आठवणीच्या प्रार्थनेला, मी चांगला दीड तास उभा होतो. तेवढा सगळा वेळ माझ्या उजव्या बुटात खडीचा एक तुकडा होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मला पत्ताच नाही. रात्री मोजा काढायला गेलो तर तो तळव्याला चिकटलेला, आणि फरशीवर दारापासून खाटेपर्यंत लाल ठिपके. दुखत मात्र काहीच नव्हतं.

मला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. पाय बधिर होत चाललेत हेही ठाऊक होतं. तरी त्या रात्री मला जखमेपेक्षा लाजच जास्त वाटली. कारण चोवीस वर्षं कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात मी हेच काम केलं होतं. समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगायचो, "चप्पल झटकून घाला. आत हात फिरवा. पायाला कळत नाही तर हाताला विचारा." ही पलीकडून ड्रेसिंग करता करता भर घालायची, "आणि हातही बधिर असेल तर डोळ्यांना विचारा."

आम्ही १९८५ साली विदर्भात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात गेलो आणि २००९ ला परतलो. मिशनरी म्हटलं की लोकांना गोरा साहेबच आठवतो. आम्ही दोघं इथलेच, मराठी चर्चच्या मंडळीतले. खरं म्हणजे बोलावणं तिला होतं. ती नर्स. पाळकसाहेबांनी विचारलं, "आणि यजमान काय करतात?" मी एका कारखान्यात फिटर होतो. तिकडे चपला करणारा माणूस हवा होता. साहेब म्हणाले, पान्हा धरता येतो तर आरीही धरता येईल. मी मिशनरी झालो तो असा, बायकोच्या पदरी बांधून. मंडळीने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि आम्हाला पाठवलं. माझ्या एका मावशीने त्यानंतर आमच्या घरचं पाणी घेतलं नाही, मरेपर्यंत. हा रोग सहजासहजी लागत नाही, बहुतेकांच्या अंगात मुळातच त्याविरुद्ध ताकद असते, हे हिने मावशीला तीन वेळा समजावलं. चौथ्यांदा म्हणाली, "जाऊ द्या, त्यांची तहान त्यांच्यापाशी."

चपला शिकायला मला तमिळनाडूत वेल्लोरजवळ करिगिरीला पाठवलं. तिथे पहिल्यांदा डोक्यात शिरलं की महारोगाने बोटं 'झडतात' हे लोक म्हणतात ते तसं नसतं. जंतू नसा मारतो. दुखणं बंद होतं. मग माणूस काट्यावर चालतो, गरम भांडं धरून ठेवतो, त्याच जागेवर हजार पावलं टाकतो. पुढची नासाडी त्यातून होते. डॉ. पॉल ब्रँड या सर्जननी वेल्लोरला हेच दाखवून दिलं आणि चपलेला औषधाएवढी किंमत आली. आमची चप्पल एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची. हे रबर आत बारीक हवेच्या पोकळ्या असलेलं, मऊ, पण दाबून बसणारं नाही. खाली कडक तळ, म्हणजे काटा आत येणार नाही. खिळा एकही नाही, सगळं चिकटवायचं आणि शिवायचं, कारण खिळा वर आला तर ते पायाला कधीच कळणार नाही. मागे टाचेला पट्टा हवाच. बधिर पायातून चप्पल निसटली तरी माणूस तसाच पुढे जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एक चप्पल फाटकात आणि माणूस बसस्टॉपवर.

पण ती चप्पल लोक घालायचे नाहीत. काळं रबर, मागे पट्टा, लांबून ओळखू यायचं की हा 'तिकडचा'. मला राग यायचा. एवढी मेहनत करून केलेली चप्पल पिशवीत घालून नेतात आणि गावात अनवाणी शिरतात! शेवटी हिनेच सुचवलं, बाजारात चालते तशी दिसू द्या ना. मग मी वरचे पट्टे तपकिरी चामड्याचे केले, बायकांसाठी थोडी नक्षी पाडली. आतलं रबर तेच. माझ्या चोवीस वर्षांच्या कामात एवढी एकच गोष्ट मला हुशारीची वाटते, आणि ती माझी नव्हती.

आम्ही गेलो तेव्हा बहुविध औषधोपचार नुकता पसरत होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ साली त्याची शिफारस केलेली. त्याआधी नुसतं डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर. आता तीन औषधं एकत्र आणि उपचाराला शेवट! रिफॅम्पिसिनची मात्रा महिन्यातून एकदा, आमच्या समोर. त्या दिवशी लघवी लाल व्हायची आणि नवा रोगी घाबरून पळत यायचा. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडायची. लग्नाच्या मुली त्यासाठी गोळ्या सोडून द्यायच्या. ही अशा मुलींच्या घरी जाऊन बसायची. प्रवचन नाही, येशूचं नावही नाही, भाजी निवडू लागायची. निघताना फक्त म्हणायची, "रंग परत येतो गं. नस येत नाही."

स्त्रियांचा वॉर्ड तिच्याकडे होता. नवऱ्याला रोग झाला तर बायको डबा घेऊन यायची. बायकोला झाला तर नवरा एकदा सोडायला यायचा, तो शेवटचा. सगळेच नव्हे, पण पुष्कळ. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं आणि ते कायद्यातून गेलं २०१९ साली. ही बातमी मी तिला पेपरातून वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एका बाईचं नाव घेऊन म्हणाली, "तिला कळायला हवं होतं."

आता माझ्या जखमेकडे येतो, कारण हे सगळं मला आठवलं ते खाटेवर पडून.

डॉक्टर तरुण होते. नायलॉनचा ताठ धागा तळव्याला टेकवायचे आणि डोळे मिटून सांगा म्हणायचे. आमच्याकडे ही बॉलपेनच्या टोकाने तपासायची. रोगी अंदाजाने बोटं दाखवायचे, पापण्या किलकिल्या करून बघायचे. मी हसायचो त्यांना. या वेळी मीही तेच केलं. डॉक्टरांनी हसून माझ्या डोळ्यांवर घडी केलेला कागद धरला. दहापैकी तीन जागा सांगता आल्या.

मग घोट्यावरपर्यंत प्लास्टर. आत कापूस अगदी थोडा, पायाला सगळीकडून चिकटून बसणारं, म्हणजे वजन एका जागी न पडता सबंध तळव्यावर वाटलं जातं. दर आठवड्याला काढायचं, जखम बघायची, नवं घालायचं. आणि चालायचं नाही. हे प्लास्टर मला नवीन नव्हतं. आमच्याकडेही असंच घालत.

चालायचं नाही, हे मी किती लोकांना किती सहज सांगितलं असेल! एक बाई होती, कापूस वेचायला जाणारी. एकाच जखमेसाठी तिसऱ्यांदा आली. प्लास्टर पार भिजून भुसभुशीत झालेलं, त्यात शेताची माती. मी तिच्यावर ओरडलो. चार लोकांसमोर. ती खाली मान घालून बसली. ही काही बोलली नाही. घरी आल्यावर ताट वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुम्ही एक दिवस घरात बसून दाखवा. नुसता एक. मग ओरडा."

मी बसलो नाही. तेव्हा नाही आणि पुढेही कधी नाही.

या वेळी सात आठवडे बसलो. पहिल्या आठवड्यात दूध आणायला गेलो, कोपऱ्यापर्यंतच. दुसऱ्यात चर्चला. रिक्षाने गेलो, पण पायऱ्या चढलोच. तिसऱ्यात प्लास्टर काढलं तेव्हा जखम होती तेवढीच. डॉक्टर म्हणाले, "काका, चाललात का?" मी म्हणालो, "नाही." अगदी त्या बाईसारखी मान खाली घालून. माझी तर पेन्शन चालू होती, डबा शेजारून येत होता. तिच्या घरी वेचल्याशिवाय चूल पेटत नव्हती. ती कोणत्या गावची तेही मला आज सांगता येत नाही. हिला सांगता आलं असतं.

चौथ्या आठवड्यापासून खरंच बसलो. सातव्याला जखम भरली.

एका गोष्टीवर मात्र डॉक्टरांशी माझं वाजलं. मी म्हटलं, रोज वीस मिनिटं पाय पाण्यात भिजवतो, दगडाने घट्टे घासतो, ओल्या पायाला तेल लावतो. आमच्याकडे हाच धडा होता, कारण नसा गेल्या की घाम येत नाही, कातडी सुकून तडकते. ते म्हणाले, मधुमेहात भिजवत ठेवायचं नाही, दगडही लावायचा नाही. धुवा, बोटांच्या बेचक्यांत कोरडं करा, तेल लावा पण बेचक्यांत नको. मला पटायला दोन दिवस लागले. हिची शिकवण चुकीची ठरवल्यासारखं वाटत होतं. रोग वेगळा, हे समजत होतं, पण तरी.

चप्पल मी माझी मीच केली. जुनी आरी होती, एमसीआरचा तुकडा मागवला. हात थरथरतो, टाके वाकडे आलेत. मागे पट्टा आहे.

राहिलं पाय रोज बघण्याचं काम. तळवा आपला आपल्याला नीट दिसत नाही. आरसा नसला तर घरच्या माणसाला दाखवा, असं ती सांगायची. नवरा-बायको आले असतील तर दोघांना समोरासमोर बसवून एकमेकांचे तळवे बघायला लावायची. ती दोघं लाजायची, हसायची. ज्या नवऱ्याने वर्षभर बायकोला हात लावला नव्हता तो तिचा पाय मांडीवर घेऊन बसायचा. आम्ही दोघांनी मात्र ते एकमेकांचं कधी केलं नाही. आमच्या पायांना काय धाड भरली होती!

मुलगा लांब असतो. त्याने युक्ती सांगितली, फोन पायाखाली धरा आणि फोटो काढा. रोज रात्री काढतो. मोठा करून बघतो, कुठे लाल, कुठे चीर. त्यालाही पाठवतो. परवा तो म्हणाला, "बाबा, जुने पुसून टाका, फोन भरला." बघितलं तर तळव्याचे दोनशे ऐंशी. हिचे सगळे मिळून एकेचाळीस, त्यातल्या निम्म्यांत ती कुणाच्या तरी पायाशी बसलेली, तोंड दुसरीकडे.