गिरगावात बघण्यासारखं काय आहे?

माझ्या नणंदेची मुलगी दिवाळीनंतर नागपूरहून आठ दिवस राहायला आली होती. गेटवे झालं, सीएसएमटी झालं, एका संध्याकाळी जेवताना फोनवरून मान वर न करताच म्हणाली, मामी, तू गिरगावची ना, तिथे पाहायसारखं काय काय आहे? आणि माझा घास हातातच राहिला. पंचवीस वर्षं ज्या ठिकाणी काढली तिथे बघण्यासारखं काय हे मला कोणी विचारलंच नव्हतं कधी. गिरगावात येणारे पाहुणे आमच्याकडे यायचे, गिरगाव बघायला कोण येणार? मी आपलं चौपाटी म्हटलं. ती म्हणाली ती आहे लिस्टमध्ये, आणखी सांग. म्हणजे लिस्ट तयारच होती! ऑपेरा हाऊस, मणिभवन, चौपाटी आणि खोटाची वाडी.

खोटाची नाही गं, खोताची. इंग्रजी स्पेलिंग वाचून वाचून ही मुलं खऱ्या वाडीला खोटी करतात. खोत म्हणजे जमिनीचा सारा गोळा करणारा, दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांवरून पडलेलं नाव ते. एवढं सांगितल्यावर तिला वाटलं मामीला सगळंच माहीत असणार, आणि मीही तो गैरसमज काही दूर केला नाही.

डोंबिवलीहून फास्ट ट्रेनने सीएसएमटी आणि तिथून मेट्रो, दोनच स्टेशनं, काळबादेवी आणि मग गिरगाव. ऑक्टोबर २०२५मध्ये ही भुयारी मेट्रो आमच्या गिरगावापर्यंत आली. मी रुबाबात पुढे, ती मागे, सरकत्या जिन्याने वर आलो आणि मी थांबलेच. कुठल्या बाजूला तोंड करून उभी आहे तेच कळेना. आजवर गिरगावात यायचं म्हणजे एकतर बसमधून नाहीतर चर्नी रोडवरून चालत, जमिनीखालून कधी उगवले नव्हते ना. त्यात या स्टेशनसाठी रस्त्यावरच्या ज्या चाळी पाडल्या त्याच माझ्या खुणा, अमक्या चाळीच्या कोपऱ्यावर डावीकडे असं माझं सगळं डोक्यात, आणि आता कोपराच नाही. मी डावीकडे उजवीकडे बघतेय आणि नागपूरची पोरगी शांतपणे फोन फिरवून म्हणते, मामी, ठाकुरद्वार तिकडे आहे. मेले लाजेने.

आणि नावांचा घोळ तर विचारूच नका. हा जो मुख्य रस्ता आहे त्याचं नाव जगन्नाथ शंकरशेठ मार्ग, म्हणणार मात्र सगळे गिरगाव रोड. नाना शंकरशेठ गिरगावचे, १८५३मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली त्यात त्यांचा मोठा वाटा, आणि आता मेट्रोने त्यांचं नाव दिलंय मुंबई सेंट्रलच्या स्टेशनला. म्हणजे रस्त्याला नाव आहे ते कोणी घेत नाही आणि स्टेशनला आहे ते दोन स्टेशनं पलीकडे.

मग मी ठरवलं की लिस्ट गेली खड्ड्यात, आधी वाड्या. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, पिंपळवाडी. ती प्रत्येक पाटीपाशी थांबून विचारायची, फणस कुठाय? अगं कसला फणस, इथे कधीकाळी सगळ्या बागा आणि वाड्याच होत्या, झाडं गेली नि नावं राहिली. मुगभाट म्हणजे मुगाचं शेत, बोरभाट म्हणजे बोरांचं. ती म्हणाली, मामी, हे गिरगाव आहे का भाजीबाजार? आता माझ्या लक्षात आलं की मला हे लहानपणी कधीच गमतीचं वाटलं नव्हतं, मुगभाटात राहणाऱ्या मैत्रिणीकडे शेकडो वेळा गेले असेन पण त्यात मूग आहे हे ऐकूच आलं नव्हतं.

वाडी बघायची तर आत शिरायचं आणि दुसरीकडून बाहेर पडायचं, रस्त्यावरून काही कळत नाही. बाहेर टेम्पो, बस, हॉर्न, आणि आत दहा पावलं गेलं की कुकरची शिट्टी ऐकू येते. खोताच्या वाडीत तर तिचं तोंडच बंद झालं, एरवी अखंड बडबड करणारी पोरगी. लाकडी कठडे, बाहेरून वर जाणारे जिने, उतरती कौलं, व्हरांड्यात आरामखुर्ची, कुठे भिंतीतला क्रूस. पाठारे प्रभू आणि ईस्ट इंडियन ख्रिश्चन यांची ही घरं, एकेकाळी पासष्टेक होती, आता तीससुद्धा उरली नाहीत आणि मागून टॉवर डोकं काढून बघतायत. तिने फोन काढला तर मी म्हटलं, फोटो काढ पण घरात माणसं आहेत, आपल्या घराचे असे काढले तर तुझी आई काय करेल? त्यावर तिने रस्त्याचे काढले. इथेच अनंताश्रम नावाची खानावळ होती, मासे खायला माणसं कुठून कुठून यायची, ती बंद झालेली. मी ते बंद दार कुठलं हे दाखवायला गेले आणि तेही मला नक्की सापडलं नाही, तेव्हा दोन दारं दाखवली, म्हटलं यातलं एक.

केशवजी नाईक चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली बसला, टिळक स्वतः तिथे १९०१मध्ये येऊन गेले. तिला वाटलं मोठं काहीतरी स्मारक असेल. आहे ती चाळ, कपडे वाळत घातलेली. अजूनही मूर्ती लहानच असते आणि पालखीतून जाते, हे मी जरा अभिमानाने सांगितलं, लालबागच्या उंचीवर आम्ही गिरगावकर मनातल्या मनात अशी टीका करतच असतो.

भूक लागली तेव्हा ठाकुरद्वारच्या विनयमध्ये मिसळ. आली, बघितली, आणि पहिला प्रश्न, तर्री कुठाय? मी म्हटलं ही मुंबई आहे, इथे मिसळ खाऊन माणसाला दुपारच्या ऑफिसला जायचं असतं. पण संपवली सगळी, एक्स्ट्रा पाव घेऊन.

मग तिने लिस्ट परत काढली. मणिभवन. तर मणिभवनला मी शाळेच्या सहलीतून एकदाच गेलेय, सहल म्हणजे दोन दोनची रांग करून चालत गावदेवीपर्यंत, डबा घेऊन. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तिथे उतरायचे, हे बाईंनी सांगितलेलं असणारच, मला मात्र काचेच्या मागचे छोट्या बाहुल्यांचे देखावे तेवढे लख्ख आठवतात आणि परतताना कोणाचा तरी डबा राहिला ते. म्हणजे घरापासून एवढ्या जवळ असून आयुष्यात एकदा! आणि ऑपेरा हाऊस तर त्याहून कहर. मी मोठी होईपर्यंत मला ते बसस्टॉपचं नाव वाटायचं. कंडक्टर ओरडायचा ऑपेरा हाऊस, माणसं उतरायची, हिऱ्यांचे व्यापारी तिथेच फूटपाथवर उभे राहून कागदाच्या पुड्या उघडायचे, कोणी मान वर करून इमारत बघायचं नाही. १९११ला पाचव्या जॉर्ज राजाने उद्घाटन केलं तेव्हा ती पूर्ण बांधूनही झाली नव्हती (आपल्याकडची जुनी पद्धत दिसतेय ही), मग नाटकं, मग सिनेमा, मग नव्वदच्या दशकात बंद पडली ती थेट २०१६ला डागडुजी होऊन उघडली. भाचीने बाहेरून फोटो काढला आणि विचारलं, आतून कसं आहे? मी म्हटलं छान आहे. खोटं बोलले, मी आत गेलेच नाहीये.

उलट जे मला दाखवायचं होतं ते तिला दिसेना. मॅजेस्टिक सिनेमा म्हटलं तर समोर शॉपिंग सेंटर. अगं देशातला पहिला बोलपट इथे लागला होता, १४ मार्च १९३१. तिने दुकानांच्या पाट्यांकडे नीट बघितलं बिचारीने, कुठे तरी एखादं पोस्टर असेल म्हणून. आणि फाळक्यांचा पहिला चित्रपट ३ मे १९१३ला कोरोनेशन थिएटरात लागला तेही गिरगावातच, पण तेही आता नाही. ती म्हणाली, मामी, तुझ्या लिस्टमधलं एकही ठिकाण जागेवर नाहीये. साहित्य संघाचं नाट्यगृह आहे की! केळेवाडीतून जाताना मी मुद्दाम आवाज चढवून सांगितलं, हे बघ, हे आहे, इथे मी आईबरोबर नाटकं बघितलीत. त्यावर ती नुसती बरं म्हणाली.

संध्याकाळी चौपाटी. टिळकांचा पुतळा बघून तिने विचारलं इथेच का? तर १९२०मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार इथे वाळूतच झाले, म्हणून. मग जरा वेळ ती गप्प होती, मग भेळ, मग समोर रस्ता ओलांडून कुल्फी. तिथे कुल्फी तराजूत तोलून देतात, वजनावर, हे तिला दिवसभरातलं सगळ्यात भारी वाटलं, तिने व्हिडिओच केला. पाय दुखतायत म्हणून आम्ही कुठेतरी कठड्यावर टेकलो, सूर्य खाली गेला होता आणि मलबार हिलवरचे दिवे लागत होते. कुल्फी चाटत ती म्हणाली, मामी, खरं सांग, तू तर यातलं काहीच पाहिलेलं दिसून नाही राहिलं, मग पंचवीस वर्षं तू इथे पाहायचीस काय?

आम्ही ना? गॅलरीतून खाली बघायचो.

खाली काय होतं?

काय असायचं, कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात कुठल्या मिठाईचा पुडा, कोणाची टॅक्सी किती वेळ थांबली. पलीकडच्या चाळीतली काकू तिच्या गॅलरीतून आमच्याकडे बघत असायची. ती म्हणाली, आता पाहता येईल का? म्हटलं, घर विकलंय गं आम्ही, पण काकू असेल तिथे, उद्या चौकशी करते.