सेंट किट्सवर उतरलात तर उसाची रेल्वे घ्या

क्रूझच्या माहितीपत्रकात कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटाच्या थांब्यासाठी सहलींची लांबलचक यादी होती. कॅटामरान म्हणजे जोडबोटीतून समुद्रात फेरफटका, प्रवाळाजवळ स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यात डोकावत पोहणं), ज्वालामुखीच्या जंगलात चढाई, झिपलाइन, ब्रिमस्टोन हिलचा किल्ला, बाटिकचं, म्हणजे मेण लावून कापड रंगवायचं काम चालतं ती बाग, आणि काहीच नको असेल तर किनाऱ्यावर खुर्ची टाकून पडून राहणं. यादीत खाली एका रेल्वेचं नाव होतं. तिची माहिती वाचली आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला, कारण ती रेल्वे ऊस वाहून नेण्यासाठी बांधलेली होती.

माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात गेली. लॅबमध्ये रसाचे नमुने तपासत सुरुवात केली आणि पुढे पॅनवर, म्हणजे रस आटवून दाणे पाडायच्या भांड्यावर, साखर पिकवण्यापर्यंत सगळी खाती पाहिली. जानेवारीत आमच्याकडे गाळप ऐन भरात असतं, यार्डात ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या असतात. अशा दिवसांत मी कॅरिबियन समुद्रात आहे, ही कल्पनाच निवृत्तीआधी करता आली नसती.

घरच्यांचं मत अर्थातच वेगळं होतं. अटलांटाला राहणाऱ्या लेकीनं हे सगळं जुळवून आणलं होतं. ती म्हणाली, "बाबा, सुट्टीत पण कारखानाच?" नातवाला पाण्यात खेळायचं होतं. जावयांना किल्ला पाहायचा होता. आमच्या सौ.चे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या म्हणाल्या, "अहो, मला कुठे चढायला लावू नका, एवढंच सांगते."

मी त्यांना एकच गोष्ट सांगितली, आणि जो कोणी अशा प्रवासाला निघतो त्यालाही तीच सांगतो. ज्या बेटावर जे आहे आणि आपल्या मार्गावरच्या दुसऱ्या बेटावर नाही, ते तिथे पाहावं. आमचं जहाज सेंट थॉमसला थांबणार होतं, सेंट मार्टिनला थांबणार होतं. वाळू आणि निळं पाणी दोन्हीकडे होतं. कॅटामरान दोन्हीकडे होती. उसाची रेल्वे फक्त सेंट किट्सला होती. शिवाय ती सहल साधारण तीन तासांची. जहाज सकाळी लागून संध्याकाळी सुटणार, म्हणजे दुपार पोराच्या पोहण्याला मोकळीच. सौ.ना चढउतार नाही, बसल्या जागी बेट फिरून होतं. जावयांचा किल्ला तेवढा राहत होता. तो परतीच्या बसमधून खालून तरी दिसेल म्हटल्यावर तेही तयार झाले.

बुकिंग आम्ही जहाजाकडूनच केलं. बाहेरून केलं तर बऱ्याच सहली स्वस्त पडतात हे खरं आहे, आणि ज्या बंदरात नुसतं टॅक्सीनं फिरायचं असतं तिथे मीही जहाजाला जास्तीचे पैसे देणार नाही. पण जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज आपल्यासाठी थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय तेच करतात. स्वतः ठरवलेल्या सहलीत ती जबाबदारी आपली. बेटाला वळसा घालणारी सहल असेल आणि बरोबर लहान मूल, वयस्क माणसं असतील तर या निश्चिंतीचे पैसे मोजावेत. आणखी एक गोष्ट घड्याळाची. सेंट किट्सचं घड्याळ वर्षभर तेच राहतं आणि हिवाळ्यात फ्लोरिडापेक्षा एक तास पुढे असतं. काही जहाजं स्वतःची वेळ बदलत नाहीत. उतरण्याआधी परतायची वेळ कोणत्या घड्याळानं धरायची, हे दारातल्या कर्मचाऱ्याला विचारून घ्यावं. आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनी अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे तिकीट काढण्याआधीच बघावं, कारण जहाज शेवटी अमेरिकेतच परत येतं.

जहाज बासेतेर या राजधानीतल्या पोर्ट झांटेच्या धक्क्यालाच लागतं. लहान बोटीत उतरून किनाऱ्याला जायचा प्रकार नाही, त्यामुळे वयस्कांना सोपं. तिथून बसनं विमानतळाजवळच्या स्टेशनवर नेतात. बेटाभोवती तीस मैलांचा वळसा पूर्ण होतो, त्यातले अठरा मैल रेल्वेनं आणि बारा मैल बसनं.

रूळ पाहिले आणि मी खाली वाकून नीट बघून घेतलं. अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट! आमच्या बार्शी लाइट रेल्वेचं गेज हेच होतं. मिरजेहून पंढरपूरला त्या छोट्या गाडीनं गेलेली माझ्या पिढीची हजारो माणसं आहेत. आता ती लाइन ब्रॉडगेज झाली. इतक्या दूर, अटलांटिकच्या काठावर, तेवढ्याच रुंदीचे रूळ उन्हात चकाकताना दिसले तेव्हा मला फार बरं वाटलं. नातवाला मी दोन रुळांमधलं अंतर पावलांनी मोजायला लावलं.

डबे दुमजली आहेत. खाली काचा लावलेला वातानुकूलित भाग आणि वेताच्या खुर्च्या, वर नुसतं छत आणि चारी बाजूंनी वारा. प्रत्येकाला खाली एक आणि वर एक अशा दोन जागा मिळतात. आम्ही जवळजवळ सगळा वेळ वरच होतो. विमानतळाकडून निघणारी गाडी मिळाली तर समुद्र उजव्या हाताला येतो आणि डोंगर डाव्या हाताला. काही गटांना आधी बस आणि मग उलट दिशेनं रेल्वे मिळते, तेव्हा बाजू बदलते. टोपी घट्ट बसणारी असावी. वाटेत स्थानिक गायकांचा छोटा गट डब्यांतून फिरत वाद्यांशिवाय गातो, प्यायला सरबतं आणि रमची पेयं देतात, आणि साखर-नारळाची एक वडी देतात ती आपल्या खोबऱ्याच्या वडीची सख्खी बहीण शोभेल. सौ.नी ती चाखली आणि वेलची हवी होती म्हणाल्या.

आता मुख्य गोष्ट. ही लाइन १९१२ ते १९२६ या काळात बांधली गेली. त्याआधी बेटावर प्रत्येक मळ्याचा स्वतःचा चरक आणि स्वतःची उकळणघरं होती. पवनचक्कीवर ऊस पिळायचे, नंतर वाफेवर. गाडीतून आजही त्या दगडी पवनचक्क्यांचे बुंधे आणि उंच धुराडी झाडीतून डोकं वर काढून उभी दिसतात. मग बासेतेरला एक मध्यवर्ती कारखाना उभा राहिला आणि सगळ्या बेटाचा ऊस तिथे न्यायचा ठरला. रेल्वे का लागली, हे कारखान्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर मोडते, रसाची शुद्धता घसरते आणि रिकव्हरी, म्हणजे उसातून हाती येणाऱ्या साखरेचं प्रमाण, खाली येते. चोवीस तासांच्या आत तो कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथे, पडायला हवा. बैलगाडीनं डोंगराच्या घळी ओलांडत बेटाच्या पलीकडच्या टोकाचा ऊस वेळेत येणं शक्य नव्हतं. म्हणून त्या खोल घळींवर लोखंडी पूल टाकले आणि रूळ बेटाभोवती फिरवले. गाडी त्या पुलांवरून अगदी हळू जाते. खाली ओढ्याचं कोरडं पात्र, वर माउंट लिआमुइगाचं ढगात गेलेलं शिखर. त्याची उंची १,१५६ मीटर आहे आणि तो ज्वालामुखी आहे. जमीन काळी, भुसभुशीत. असली जमीन पाहिली की कुठल्याही ऊसवाल्याचा हात माती उचलायला खाली जाईल.

त्या जमिनीत आज ऊस नाही. २००५चा हंगाम शेवटचा ठरला. युरोपात मिळणारा संरक्षित भाव जाणार हे दिसत होतं, खर्च वाढलेला, डोक्यावर कर्ज. साडेतीनशे वर्षांच्या आसपास चाललेलं साखरेचं काम सरकारनं थांबवलं. रुळांच्या बाजूला मैलोन्‌मैल रान माजलंय, आणि त्यात मधूनच आपोआप उगवलेल्या उसाचे तुरे वाऱ्यावर हलतात. मला ते बघवत नव्हतं. लेक गप्प बसून माझ्याकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, "बाबा, तुमचा कारखाना बंद पडला असता तर?" मी म्हटलं, आपल्याकडेही बंद पडलेत, आजारी कारखान्यांच्या गेटवर मी उभा राहिलोय. कामगारांचे पगार थकलेले असतात आणि बॉयलर गंजत असतो.

पण सेंट किट्सची गोष्ट आपल्यापेक्षा फार काळी आहे आणि ती सोडून नुसतं सुंदर बेट म्हणणं मला जमणार नाही. हे सगळे मळे गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. आफ्रिकेतून आणलेली माणसं ऊस तोडत, चरकात हात जात, उकळत्या रसाच्या कढईपाशी रात्र काढत. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३४ साली कायद्यानं संपली, तरी आणखी चार वर्षं त्यांना मालकांकडेच राबावं लागलं. नंतर १८६१ साली कलकत्त्याहून आपल्या देशाचे करारबद्ध मजूरही या बेटावर आणले गेले. मजुरी एवढी तुटपुंजी राहिली की १९३५ साली बकलीज मळ्यावर ऊसतोड कामगारांनी संप केला आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या, माणसं मेली. ज्या विमानतळाशेजारून आमची गाडी निघाली त्याला नाव आहे रॉबर्ट ब्रॅडशॉ यांचं. ते तरुणपणी इथल्याच साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये काम करत होते. कामगार चळवळीतून पुढे आले आणि बेटाचे पहिले प्रीमियर, म्हणजे सरकारचे प्रमुख, झाले. कारखान्याच्या वर्कशॉपमधला पोरगा देशाचा नेता होतो, हे ऐकताना माझी छाती भरून आली. आमच्या वर्कशॉपमधले चेहरे डोळ्यांसमोर आले.

प्रवरानगरला १९५०च्या सुमारास शेतकऱ्यांनी शेअर जमवून स्वतःचा कारखाना उभारला, त्याचं मोल मला त्या रुळांवर बसून नव्यानं कळलं. सेंट किट्सवर ऊस तोडणाऱ्या माणसाच्या मालकीचा ऊस क्वचितच होता. आणि तरीही आपल्याकडे बीडहून कोयता घेऊन येणारी जोडपी, पाचटाच्या खोपीत वाढणारी त्यांची मुलं, यांचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. ऊस कुठलाही असो, तोडणाऱ्याच्या वाट्याला काय आलं हे विचारल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही असं माझं मत आहे.

उत्तर टोकाकडे समुद्रात सेंट युस्टेशियस आणि साबा ही बेटं निळसर दिसतात. तिथून पुढे रेल्वे संपते आणि बस पश्चिम किनाऱ्यानं परत आणते. वाटेत ब्रिमस्टोन हिलचा किल्ला वर दिसतो. गुलामांनी ज्वालामुखीचा दगड रचून बांधलेला, १७८२ साली महिनाभराच्या वेढ्यानंतर फ्रेंचांनी घेतलेला, १९९९ पासून जागतिक वारसा यादीत असलेला. गिर्यारोहणाची आणि गडांची आवड असलेल्यानं रेल्वेऐवजी तोच निवडला तरी माझी तक्रार नाही. मात्र वरच्या भागात चढ आहे, गुडघेवाल्यांनी विचार करावा. पुढे ओल्ड रोड येतं, जिथे १६२४ साली इंग्रजांनी कॅरिबियनमधली आपली पहिली वसाहत केली. आणि त्यानंतर ब्लडी पॉइंट, जिथे दोनच वर्षांत इंग्रज आणि फ्रेंचांनी मिळून इथल्या मूळच्या कालिनागो लोकांची कत्तल केली. गाइडनं ती जागा दाखवताना आवाज खाली आणला नाही, घाईही केली नाही. सरळ, स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं.

रस्त्याकडेला गुलमोहराची झाडं होती, लांब काळ्या शेंगा लटकलेल्या. गुलमोहर या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. फुलांचा मोसम नव्हता, तरी सौ.ना झाड ओळखीचं भेटल्याचा आनंद झाला.

दुपारी नातवाचा हक्क. बंदरावरून टॅक्सी करून फ्रिगेट बेला गेलो. भाडं बसण्याआधी ठरवावं, आणि ते अमेरिकन डॉलरमध्ये सांगतायत की ईस्ट कॅरिबियन डॉलरमध्ये हे नक्की विचारावं, कारण एका अमेरिकन डॉलरला इथले २.७० डॉलर होतात आणि दोन्ही चालतात. जवळच टिमथी हिल आहे. तिथून एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. टॅक्सीवाला फोटोसाठी थांबतो. पोरगं पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हतं, सौ. सावलीत बसून होत्या, जावई आणि मी गाळप, रिकव्हरी, आसवनी (मद्यार्क काढायचं काम) यांवर बोलत होतो. त्यांनी इतके प्रश्न मला लग्नानंतर पहिल्यांदाच विचारले.

आमच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक मित्र मुलाकडे टेक्ससला जाणार आहेत आणि त्यांच्या जहाजाचाही सेंट किट्सला थांबा आहे. काल फोनवर विचारत होते, किल्ला घेऊ की रेल्वे. मी त्यांना सांगितलं, त्या दिवशी बंदरात अजून कोणती जहाजं लागतायत ते आधी बघा, रेल्वेच्या जागा मोजक्या असतात आणि दोन-तीन जहाजं एकदम आली की लवकर भरतात. निघण्यापूर्वी घरूनच बुक करा. आणि गाइड भेटला की त्याला विचारा, तुमच्या घरातलं कोण कारखान्यात होतं. आमच्या गाइडचे आजोबा याच लाइनीवर उसाच्या वाघिणी भरत असत.