थेरपिस्टला आधी काय विचारायचं

कोल्हापुरात थेरपिस्ट शोधायचा म्हटलं की फीच्या आधी ओळखीचं टेन्शन. राजारामपुरीत क्लिनिक सापडलं तरी वेटिंगला बसल्यावर समोर कुणाची तरी मावशी असणार आणि संध्याकाळपर्यंत घरी फोन जाणार. त्यात मी गे, वर एडीएचडी (म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, गोष्टी ध्यानात राहत नाहीत), आणि आडनाव सांगितलं की जात कळतेच, म्हणजे कुठलं कुठं बोलायचं याचा हिशोब डोक्यात कायम चालू.

आधी ज्यांच्याकडं जायचो त्या मॅडम स्वभावानं चांगल्या होत्या, पण गे म्हटल्यावर "वय असतं तसं, पुढं बघू", आणि जातीचा विषय काढला की "शाहू महाराजांच्या गावात आता कुठं राहिलंय हे?" महाराजांनी १९०२ साली संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या हे खरंच आहे, पण म्हणून आज भाड्यानं खोली बघायला गेल्यावर पहिला प्रश्न आडनावाचा येत नाही असं थोडंच आहे! अर्धा तास मीच त्यांना समजावत बसायचो, आणि फी पण मीच द्यायचो.

म्हणून मद्रास हायकोर्टाचे जस्टिस आनंद व्यंकटेश मला लई आवडतात. २०२१ मध्ये एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन मुलींची केस समोर आली, आणि आपल्याला यातलं कळत नाही म्हणून ते स्वतः सायकॉलॉजिस्टसमोर जाऊन बसले, समजून घेतलं, मग आदेशात समलैंगिकांना 'बरं' करायच्या ट्रीटमेंटवर बंदी घाला असं सांगितलं. स्वतःच्या वेळात शिकले, समोरच्याच्या नाही.

आताची थेरपिस्ट ऑनलाइन आहे. तिनं पहिल्यांदा विचारलं ते हे की कुठं बसून बोलतोयस, कोण ऐकतंय का. मी गच्चीवर टाकीमागं असतो, चुलतभाऊ वर आला की "हां सर, फाइल पाठवतो" म्हणायचं, तिला कळतंय. सेशनमध्ये फेऱ्या मारत बोललो तरी चालतं, ठरलेलं सगळं ती शेवटी व्हॉईस नोटवर पाठवते कारण माझ्या डोक्यात काय राहत नाही हे तिला माहितीय, त्याला ती आळस म्हणत नाही. (शाळेत आमचं नाव 'धांदरट' पडलं होतं, ते वेगळंच.)

आणि घरी सांगूनच टाक, वेगळा राहा, असलं ती काही म्हणत नाही. आई चिडली की जेवत नाही, आणि ती जेवली नाही की माझ्या पण घशाखाली घास उतरत नाही, हे थेरपिस्टला नाटक वाटत नाही. कुणाला सांगायचं, कधी, का सांगायचंच नाही, हे ती माझ्यावर सोडते. रीलवाले सगळे बाउंड्री बाउंड्री करतात, पण आमच्या दोन खोल्यांत बाउंड्री आखायची कुठं भावा?

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा एकदा वाचाच. समाजाच्या चालीरीतीत बसत नाही म्हणून कुणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही असं त्यात आहे, आणि उपचारात भेदभाव चालणार नाही म्हणताना लैंगिक कल आणि जात एकाच यादीत घेतलेत. नॅशनल मेडिकल कमिशननं पण २०२२ मध्ये कन्व्हर्जन थेरपी (तीच ती 'बरं' करायची ट्रीटमेंट) म्हणजे डॉक्टरांचं गैरवर्तन असं स्पष्ट केलंय. एडीएचडीवाल्यांचं मात्र अजून अडलंयच, २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आपण नाही.

तर फोनवरच विचारून घ्या, लाजू नका: क्विअर (गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे) क्लायंटबरोबर काम केलंय का, त्यासाठी ट्रेनिंग घेतलंय का, जातीबद्दल बोललेलं चालेल ना, घरच्यांनी फोन केला तर त्यांना काय सांगणार? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर तिथंच थँक्यू म्हणून ठेवा. फी कमी करता का ते पण विचारा, बरेचजण करतात पण आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आणि रात्री अगदीच सहन होत नसेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, नाव खरं सांगायलाच पाहिजे असं काही नाही.