सांधा झाकायचा की दाखवायचा?

हान्स वेग्नर या डॅनिश रचनाकाराची १९४९ सालची ‘राउंड चेअर’ पाहताना माझी नजर दर वेळी तिच्या पाठीवरच खिळते. पाठ आणि हात अशी वेगळी विभागणी तिच्यात नाहीच. लाकडाचा एकच अर्धवर्तुळाकार पट्टा मागे रुंद होत पाठीला आधार देतो आणि पुढे निमुळता होत हाताखाली येतो. एवढे वळण एका फळीतून काढणे परवडणारे नसल्याने तीन तुकडे जोडावे लागतात. हे सांधे दिसू नयेत म्हणून वेग्नरने सुरुवातीला पाठीवर वेत गुंडाळला होता. पुढे त्याने तो काढून टाकला आणि एकमेकांत गुंतणाऱ्या बोटांसारखा नागमोडी सांधा उघडाच ठेवला. हा बदल मला मूळ आराखड्याहूनही मोलाचा वाटतो.

वेग्नर १९१४ साली टोन्डर गावी पादत्राणे बनवणाऱ्याच्या घरी जन्मला आणि किशोरवयातच सुतारकामाच्या उमेदवारीला लागला. सांध्याविषयीचा हा आत्मविश्वास तिथूनच आला असावा. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादविवादात हीच खुर्ची दिसली व अमेरिकेत घरोघरी पोहोचली. अर्थात, बसणाऱ्यांच्या पाठीमुळे तो सुंदर सांधा मात्र प्रेक्षकांना फारसा दिसला नसणार.